कृष्णेकाठचा हिवाळा आणि गळाची काठी

जत तालुक्यात जन्मलेल्या माणसाने नदीवर लेख लिहावा, याचे वाचकांना थोडे हसू येईल. आमच्या तालुक्यात मोठी नदी नाही. बोर नदी आहे. पण ती पावसाळ्यातले काही दिवस वाहते आणि उरलेले वर्ष वाळूचा पट्टा होऊन पडून राहते. तिचे जे काही पाणी असेल ते भीमेकडे जाते. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, ज्वारी-बाजरीचे गाव आणि अर्ध्या घरांत मराठी तर अर्ध्या घरांत कानडी अशी आमची वस्ती. पाणी हा आमच्याकडे काळजीचा विषय. पाण्याकाठी करमणुकीसाठी कोणी बसत असेल, ही कल्पना लहानपणी मला शिवलीही नव्हती.

ती कल्पना मला मामांनी दिली. मामा मिरजेकडे शाळामास्तर होते. नाताळच्या सुटीत आम्ही ‘जत रोड’ स्टेशनावरून छोट्या गाडीने मिरजेला जात असू. बार्शी लाईट रेल्वेची ही अरुंद रुळांची गाडी १९२७ साली मिरजेपर्यंत आली. पुढे ती रुंद झाली; पण आमच्या आठवणीत ती अजून खेळण्यासारखी डुलत चालते. मिरजेला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मामा एक लांब बांबूची काठी, तंगुसाचे रीळ, डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे आणि कणकेचा गोळा घेऊन निघत, आणि मी मागोमाग म्हैसाळच्या बाजूला कृष्णेकाठी जाई. पाण्यावर धुके असे. मामांच्या अटी दोनच होत्या : “बोलायचं नाही, आणि पाण्यावर सावली पडू द्यायची नाही.”

अशाच एका सकाळी जाळे खांद्यावर टाकून एक वृद्ध भोई आमच्याजवळून गेला. क्षणभर थांबून त्याने मामांना विचारले, “काय मास्तर, खेळायला आलायसा का खायाला?” मामा हसले आणि म्हणाले, “खेळायला.” म्हातारा मान हलवून पुढे गेला. त्याच्या हलवलेल्या मानेत राग नव्हता. पण संमतीही नव्हती. तो प्रश्न मात्र माझ्या मनात राहून गेला. मासा धरणे हा खेळ कधी झाला? कोणाचा झाला? आणि त्या खेळाची किंमत कोणी दिली? प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा मागोवा आहे.

राजाचा मत्स्यविनोद

करमणुकीसाठी गळ टाकून बसणे ही साहेबाने आणलेली चाल आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. आणि तो खोटा असल्याचा पुरावा आपल्याच भूमीत आहे.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. जत, मंगळवेढे, विजापूर हा सगळा टापू त्यांच्या अंमलाखाली होता. या घराण्यातील तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल असे बिरुद होते, तो ११२६ च्या सुमारास गादीवर आला आणि ११३८ पर्यंत राज्य केले. हा राजा लढवय्यापेक्षा ग्रंथकार म्हणून अधिक स्मरणात राहिला. ११३० च्या आसपास त्याच्या नावावर सिद्ध झालेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ म्हणजे त्या काळचा ज्ञानकोशच होय. राज्य मिळवावे कसे येथपासून स्वयंपाक, वैद्यक, संगीत, हत्ती आणि घोडे येथपर्यंत शंभर प्रकरणांत त्याने सारे काही सांगितले आहे. मराठीच्या अभ्यासकांना तो आणखी एका कारणाने प्रिय आहे : महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या म्हणतात, ही नोंद त्यात आहे.

याच ग्रंथात राजाच्या करमणुकींच्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कोणते खाद्य आवडते, ते कसे घालावे, काठी कशी असावी, दोर कशाचा करावा, गळ कसा असावा, याचा तपशील त्यात येतो. मासा गळाला लागल्यावर दोर केव्हा सैल सोडावा आणि केव्हा ओढावा, हेही राजाने सांगितले आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मत्स्यशास्त्रज्ञांनाही नवल वाटले. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टन याने गळाच्या मासेमारीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली छापला. सोमेश्वराचे प्रकरण त्याच्या पाचशे वर्षे आधीचे आहे.

येथे एक लहानशी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. मराठीत आपण ‘गळ’ म्हणतो, आणि आमच्या तालुक्यातला कानडी शेजारी ‘गाळ’ म्हणतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना ही वस्तू एकच, तिचे नावही जवळजवळ एकच. राज्ये कोणतीही असोत, नदीकाठच्या माणसाने आपली हत्यारे आणि त्यांची नावे एकमेकांपासून घेतली आहेत.

मात्र भोईदादाचा प्रश्न येथेही उभा राहतो. सोमेश्वराचा मत्स्यविनोद हा राजाचा होता. त्याच्यासाठी दोर वळणारे, आमिष शिजवणारे, मासे कोठे आहेत ते दाखवणारे हात दुसऱ्यांचे होते. माशांचे जे बारीक ज्ञान त्या ग्रंथात उतरले आहे, ते राजवाड्यात जन्मलेले नाही. ते पाण्यात उभ्या असलेल्या माणसांकडून आले असले पाहिजे. त्यांची नावे मात्र ग्रंथात नाहीत.

मराठी नावांचे मासे

नावांचीच गोष्ट निघाली म्हणून कर्नल विल्यम हेन्री साइक्स याची हकिकत सांगणे अगत्याचे आहे. साइक्स (१७९०–१८७२) हा मुंबई सरकारच्या लष्करातील अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा नवा मुलूख नीट समजून घ्यावा म्हणून गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२४ साली त्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, पिके, हवामान यांबरोबर साइक्सने पक्षी, प्राणी आणि मासेही टिपले. पुण्याजवळच्या मुळा-मुठेसारख्या, पुढे भीमेवाटे कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांतले चाळीसहून अधिक मासे त्याने पाहिले, आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णने लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे आली. १८४१ साली ती चित्रांसह सविस्तर प्रसिद्ध झाली.

शास्त्रीय नाव लॅटिन वळणाचे असावे, असा त्या काळचा दंडक. साइक्सने मात्र अनेक माशांना काठावरच्या लोकांनी सांगितलेली नावेच दिली. आपला शिंगाळा जगाच्या शास्त्रात ‘सींघाला’ म्हणून नोंदला गेला. ‘कोलुस’, ‘टाकरी’, ‘फुलुंगी’, ‘मुसुल्ला’ ही नावे तशीच गेली. तोंडावर शिंगासारखा उंचवटा असलेला एक चमत्कारिक मासा ‘नुक्ता’ झाला. एकाचे नाव ‘पोटेल’ असे आहे. त्या काळचे इंग्रज ‘पाटील’ हा शब्द बहुधा असाच लिहीत, त्यामुळे नदीतल्या या पाटलाचे मूळ गावच्या पाटलाकडेच असावे असे मला वाटते. आणि दख्खनच्या नद्यांचा राजा जो महाशीर, त्याला साइक्सने ‘खुदरी’ हे नाव दिले. आज जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत दख्खनी महाशीराचे नाव घ्यायचे तर ‘टॉर खुदरी’ असेच म्हणावे लागते.

साइक्सला ही नावे कोणी सांगितली? ज्यांनी मासे आणून दिले त्यांनी. त्या भोई-कोळ्यांची नोंद कोठे नाही. पण त्यांची बोली मात्र शास्त्राच्या ग्रंथांत अमर झाली आहे. राजाने त्यांचे ज्ञान घेतले आणि आपले म्हणून सांगितले. साइक्सने निदान त्यांचे शब्द तरी जागेवर ठेवले. इतिहासात अशी लहान लहान न्यायाची कृत्येही असतात.

साहेबाची काठी, भोयाचे जाळे

साइक्सनंतर तीस-पस्तीस वर्षांनी महाशीराचे दुसरे एक चरित्र सुरू झाले. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंड-स्कॉटलंडमधील सॅमन माशाची झुंज ही त्या समाजात मोठी गौरवाची गोष्ट होती. थॉमसने ठासून सांगितले की, हिंदुस्थानातला महाशीर सॅमनहून जबर झुंज देतो. मग काय विचारता! ज्या साहेबाला वाघाची शिकार परवडत नव्हती किंवा साधत नव्हती, तो हिवाळ्यात काठी घेऊन नदीवर जाऊ लागला.

हिवाळाच का, हे समजून घेण्यासारखे आहे. पावसाळ्यात दख्खनची नदी लाल, गढूळ आणि बेफाम असते. माशाला आमिष दिसत नाही आणि माणसाला काठावर उभे राहवत नाही. दसरा-दिवाळीनंतर पाणी नितळू लागते, वेग ओसरतो, खडकांमधले डोह वेगळे ओळखू येतात. थंडी वाढली की मासा खोल पाण्यात जातो, सुस्तावतो, आणि ऊन चढल्यावर दुपारकडे वर येऊन खाऊ लागतो. म्हणून हिवाळ्यातली मासेमारी ही वाट पाहण्याची कला आहे. उन्हाळ्यात पात्र आटते, मासे डबक्यांत कोंडले जातात. त्या वेळी त्यांना पकडण्यात ना कौशल्य ना शोभा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने गळवाल्याचे, ही गोष्ट मामांनाही ठाऊक होती. त्यांनी थॉमसचे पुस्तक पाहिलेलेही नव्हते.

याच काळात मासे कमी होत चालल्याची ओरड सुरू झाली. सर्जन-मेजर फ्रान्सिस डे याने हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीची पाहणी करून १८७३ साली अहवाल दिला. बारीक आसाची जाळी, पाणी अडवून पिलांचा होणारा संहार, विषारी वनस्पती टाकून मासे मारणे यांकडे त्याने लक्ष वेधले. थॉमसचेही मत तसेच होते. पुढे १८९७ साली हिंदुस्थानचा मत्स्य कायदा झाला आणि सुरुंगाच्या दारूने किंवा विषाने मासे मारणे गुन्हा ठरले.

कायदा योग्य होता, यात शंका नाही. सुरुंगाने डोहातले लहानमोठे सगळे जीव एका क्षणात मरतात. निम्मे तर वरही येत नाहीत. पण एक गोष्ट त्या कायद्याच्या भाषेत येत नाही. सुरुंगाची दारू भोयाने शोधलेली नव्हती. ती रस्ते, पूल, रेल्वे आणि विहिरी खोदण्याच्या कामांबरोबर नदीपर्यंत आली. आणि ज्या भोयाला पिलांचा नाश केल्याबद्दल दोष दिला गेला, त्याच्याकडे बारा महिने दुसरे काम नव्हते. साहेबाची काठी हा छंद होता, भोयाचे जाळे ही चूल होती. दोघांची गाठ एकाच डोहावर पडली, तेव्हा लेखणी साहेबाच्या हाती होती.

आपल्या लोकांनी मासे केवळ मारलेच, असेही नव्हे. महाड तालुक्यातील वाळणकोंडीचा डोह किंवा दक्षिणेत तुंगेकाठी शृंगेरीचा घाट पाहा. तेथील मासे देवाचे म्हणून कोणी धरीत नाही; भाविक त्यांना दाणे घालतात. महाशीर अशा डोहांत निर्धास्त वाढले. कायद्याने जे दंडाची भीती घालून साधायचे, ते येथे श्रद्धेने साधले. आपला धर्म वेगळा असला, तरी ही राखण आपणही आदराने पाहावी अशीच आहे. आपल्या शुभवर्तमानात मासेमारीच्या कथा पुष्कळ आहेत, पण त्या बहुतेक जाळ्याच्या आहेत. गळाची गोष्ट एकच : मत्तयच्या सतराव्या अध्यायात पेत्राला गळ टाकायला सांगितले जाते, आणि पहिल्या माशाच्या तोंडात कर भरण्यापुरते नाणे मिळते. तेथेही एकच मासा धरायचा आहे, आणि गरजेपुरतेच घ्यायचे आहे.

बर्गे बसवलेली नदी

स्वातंत्र्यानंतर नदीचेच रूप पालटले. जत संस्थान १९४८ साली विलीन झाले, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्याच वर्षी महाराष्ट्राने आपला मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. कोयनेवर धरण झाले, वारणेवर झाले, कृष्णेवर धोम झाले. सांगली-कोल्हापूरकडे नदीच्या पात्रात ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. पावसाळा सरला की या बंधाऱ्यांत बर्गे बसवतात आणि पाणी तुंबवतात. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, गावे उभी राहिली, शाळा-दवाखाने उभे राहिले. हे उपकार नाकारणारा मी नाही. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाने तर नाकारूच नयेत.

पण माशाच्या दृष्टीने पाहिले तर हिवाळ्यातली कृष्णा आता वाहती नदी राहिली नाही; ती तळ्यांची माळ झाली आहे. महाशीराला वाहते, स्वच्छ, खडकाळ पाणी लागते, आणि पावसाळ्यात तो अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढतो. धरणाच्या भिंतीने ती वाट अडली. साचलेल्या पाण्यात दुसरे मासे रमले. गंगेकडचे कटला, रोहू, मृगळ हे सरकारी बीजसंवर्धनातून आले. १९५२ साली परदेशातून भारतात आणलेला तिलापिया, ज्याला आपल्याकडे सगळे चिलापी म्हणतात, तो तर जेथे पाणी तेथे पोचला. आफ्रिकेचा मांगूर २००० साली सरकारने बंद केला. परंतु बंदीचा हुकूम पाण्याखाली पोचायला वेळ लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर तळी, नाले आणि नदी एकच झाली, आणि जे मासे कुंपणात होते तेही प्रवाहात आले. शिंगभर तोंडाचा नुक्ता आज जगाच्या धोक्यातील जातींच्या यादीत आहे.

महाशीर वाचवण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला, याचा अभिमान बाळगायला हवा. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनी महाशीराच्या प्रजोत्पादनाचा अभ्यास करून १९७१ साली तो प्रसिद्ध केला. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा विद्युत कंपन्यांच्या मत्स्यकेंद्रात एस. एन. ओगले यांच्यासह या कामाला रूप आले. महाशीराची अंडी ओल्या कापसात ठेवून पाण्याशिवाय दूरवर पाठवता येतात, हे तेथे सिद्ध झाले. लोणावळ्याची पिले अनेक राज्यांतल्या जलाशयांत सोडण्यात आली.

मात्र चांगल्या हेतूने केलेले कामही किती जपून करावे लागते, याचा धडा याच कथेत आहे. १९७० च्या दशकात लोणावळ्याचे बीज कावेरीतही सोडले गेले. कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. हिवाळा-उन्हाळ्यात देशोदेशीचे छांदिष्ट त्याच्यासाठी कावेरीकाठी येत आणि मासा धरून, वजन करून पुन्हा पाण्यात सोडून देत. पुढे त्यांच्याच नोंदींवरून अभ्यासकांच्या ध्यानात आले की कुबडवाला मासा कमी कमी होत गेला आणि आपला दख्खनी पाहुणा वाढत गेला. २०१८ साली त्या कुबडवाल्या महाशीराची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित झाली, आणि लगेच त्याला अतिशय धोक्यात असलेल्या जातींत गणले गेले. पुण्याच्या नदीतला ‘खुदरी’ आज तितक्या तातडीच्या धोक्यात नाही. पण तो वाचवताना दुसऱ्या नदीचा राजा संकटात आला. पाण्यात सोडलेली गोष्ट परत बोलावता येत नाही.

आणि याच कथेचा आणखी एक भाग लक्षात घेण्यासारखा आहे. तो मासा नाहीसा होतो आहे, हे कळले ते केवळ गळाच्या छंदामुळे. वर्षानुवर्षे लिहून ठेवलेले मासे, त्यांची वजने, त्यांचे दिवस. भोईदादाच्या प्रश्नाला हे एक उत्तर होऊ शकते : खेळणारा माणूस जर मन लावून पाहणारा असेल, तर तो नदीचा साक्षीदार होतो.

गळीत आणि गळ

आता हिवाळ्यातल्या कृष्णेकडे परत येऊ. गळवाल्यांचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे वर सांगितले. आमच्या जिल्ह्यात नेमका हाच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उसाने भरून रस्त्याने रांगेत उभे असतात, हवेत गुळमट वास असतो, आणि बर्गे बसवल्यामुळे नदी जवळजवळ स्तब्ध असते. अशा पाण्यात शहरांचे सांडपाणी किंवा मळीमिश्रित पाणी आले, की त्याला वाहून जायला वाट नसते. पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडू लागतात. काठावरच्या पोरांना वाटते, आज मासे फार झाले. दुसऱ्या दिवशी ते पांढरी पोटे वर करून तरंगतात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा असा खच पडला होता. असे प्रकार त्याआधीही झाले आहेत.

सुरुंग लावणाऱ्या माणसाला १८९७ च्या कायद्याने पकडता येत होते, कारण त्याच्या हातात सुरुंग दिसत होता. या नव्या विषाचा हात एकच नसतो. त्यात कारखाना असतो, नगरपालिका असते, शेतातून वाहून आलेले खत असते. साखर खाणारे आपणही असतो. म्हणून कोणा एकाकडे बोट दाखवून हा विषय मिटत नाही. पण पोटासाठी जाळे टाकणाऱ्या भोयाचे नुकसान मात्र त्याच दिवशी, रोख होते. त्याच्या बाजूने बोलायला काठावर कोणीतरी बसलेले असले पाहिजे.

मामांविषयी शेवटचे सांगून हा लेख पुरा करतो. मामा धरलेल्या माशांपैकी एखादी मरळ किंवा वांब घरी आणीत. लहान मासे मात्र ओल्या हाताने गळातून सोडवून परत पाण्यात टाकीत. कोरड्या हाताने धरले की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे जगत नाही, असे ते सांगत. एकदा मी विचारले, “मामा, सोडायचेच होते तर धरले कशाला?” ते म्हणाले, “अरे, आहेत की नाहीत ते कळायला नको का?” त्या वेळी हे उत्तर मला पटले नव्हते. त्यांच्या शेवटच्या आजारपणात, खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी एकदा मला विचारले होते, “पाणी नितळलं का रे?” डिसेंबर होता. मी ‘हो’ म्हणालो. ते खरे नव्हते; त्या वर्षी पाण्यावर काळसर तवंग होता. ते ‘हो’ अजून मला टोचते.

म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आता टप्प्याटप्प्याने चढत जतपर्यंत येते. ज्या नदीसाठी आम्ही छोट्या गाडीने जात होतो, ती आता आमच्या दारी येऊ लागली आहे. हेच पाणी २०१६ साली मिरजेहून आगगाडीने तहानलेल्या लातूरला गेले, हेही स्मरते. तालुक्यातल्या काही गावांना अजून ते पोचलेले नाही, आणि त्या दुःखापोटी सीमेपलीकडे जाण्याचे ठरावही २०१२ साली झाले. पाण्याची ओढ किती खोल असते ते त्यावरून कळावे.

गेल्या नाताळात गावी गेलो, तेव्हा कालव्याच्या कडेला तीन मुले बसली होती. हातात तुरीच्या काट्या, काटीला दोरा, दोऱ्याला गळ. बोलणे अर्धे मराठी, अर्धे कानडी. मी जवळ गेलो, तर त्यांतल्या थोरल्याने ओठांवर बोट ठेवले. मी माझी सावली पाण्यावरून मागे घेतली आणि थांबलो. थोड्या वेळाने दोरा हलला. एक बोटभर चिलापी वर आली. मुलगा आनंदाने ओरडला. कृष्णेचा मासा जतमध्ये! त्याच्या दृष्टीने तो महाशीरच होता.

“खेळायला बसलाय का खायला?” मी विचारले.

मुले एकमेकांकडे पाहून हसली. थोरला म्हणाला, “काका, बघायला.” आणि त्याने ती चिलापी पाण्यात सोडून दिली.

त्याला खुदरी ठाऊक नाही, नुक्ता ठाऊक नाही, पाटील नावाचा मासा असतो हेही ठाऊक नाही. ती नावे त्याला सांगणे हे आपले काम आहे. आणि ती नावे ज्यांची आहेत ते मासे एखाद्या हिवाळ्यात त्याच्या गळाशी यावेत एवढे पाणी नितळ ठेवणे, हेही आपलेच काम आहे.